जुना दोष

लालासाहेबांच्या कमरेखाली उशी सारता सारता राहीबाई थांबली. खाटेच्या पायथ्याशी पाच माणसं येऊन उभी राहिली होती. मिरजेच्या त्या इस्पितळात येऊन आठ दिवस झाले होते, पण एका पेशंटसाठी एवढी माणसं एकदम आलेली तिनं पाहिली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि भिंतीला लागून उभी राहिली.

“हवालदार, कंबर काय म्हणतेय?” डॉ. आठल्यांनी विचारलं. ते सर्जन. केस पिकलेले, बोलणं हळू.

“हाय तशीच हाय.”

आठल्यांनी मोठ्या लिफाफ्यातून फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यावर पांढरी हाडं होती. माकडहाडाजवळ आणि मणक्यांवर कापूस चिकटल्यासारखे डाग दिसत होते. इतकी वर्षं ज्या पाठीला तेल लावलं ती आतून अशी आहे, एवढंच राहीबाईच्या मनात आलं.

“हे डाग दुखतायत. मूळ गाठ लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आहे. तिथून ती हाडांत उतरली.”

“क्यान्सर म्हना की,” लालासाहेब म्हणाले. “पलटणीत हुतो मी. तुमी आपसांत बोलता ते कळतं थोडं.”

“हो. कॅन्सर.” आठल्यांनी फोटो खाली घेतला. “आमची इथली पद्धत आता अशी आहे, की दर गुरुवारी सगळ्यांनी मिळून पेशंट बघायचा आणि मिळून ठरवायचं. माझ्या एकट्याच्या मनात आलं म्हणून सुरी लावायची नाही. हे डॉ. दप्तरदार, किरणांचा शेक देतात. या विनोदिनीबाई, तुमच्या गाठीचा तुकडा भिंगाखाली यांनीच तपासला. सिस्टर सुशीला तुम्हाला माहीत आहेत. क्षमाबाईंनी पहिल्या दिवशी तुमची माहिती लिहून घेतली.”

मग त्यांनी काय ठरलं ते सांगितलं. पुरुषाच्या अंगात जो रस तयार होतो त्यावर ही गाठ जगते. तो जिथं तयार होतो ती जागा काढून टाकली, की गाठ उपाशी पडते. ती मरत नाही, पण निजते. दुखणं थांबतं. वर्ष मिळतं, दोन मिळतात, कधी चारही मिळतात. दप्तरदार म्हणाले, नुसत्या शेकानं कंबर तेवढी हलकी होईल, पण डाग दुसरीकडं उठतील.

लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मिशीवरून हात फिरवला.

“बैल बडवून खच्ची करत्यात तसं?”

सिस्टर सुशीलानं खाली बघितलं. आठल्ये म्हणाले, “हो. तसंच.”

“मग न्हाई.”

पाचही जण गेले. जाताना क्षमाबाई राहीबाईपाशी थांबल्या. तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं. तिला असं कुणी फारसं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, “त्यांना इचारा.”

तीन दिवस लालासाहेब कुणाशी बोलले नाहीत. सिस्टर सुशीला सकाळी त्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची, आणि दुसऱ्याच विषयावर बोलायची. क्षमाबाई दुपारी स्टूल ओढून बसायच्या. त्याही नुसत्या बसायच्या. गावाकडून भेटायला आलेली माणसं खाटेभोवती उभी राहून तेच बोलायची. हवालदारासारखा वाघ माणूस, आणि बघायला पोटचं कुणी न्हाई. बाईच्या नशिबात न्हाई त्याला कोन काय करनार. राहीबाई तेव्हा तांब्या विसळायला मोरीवर जायची. तांब्या स्वच्छच असायचा.

सोमवारी सकाळी लघवी तुंबली. सिस्टरनं नळी घातली तेव्हा लालासाहेबांनी दात आवळून धरले, पण डोळ्यांतून पाणी आलं. नळीतून सगळं निघून गेल्यावर ते बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कागद आना.”

सही त्यांनी इंग्रजीत केली. पलटणीत शिकलेली, मोठ्या अक्षरांची. खाली बायकोची संमती लागते म्हणून क्षमाबाईंनी शाईचं पॅड पुढं केलं. राहीबाईनं अंगठा टेकवला. कशाला संमती द्यायची ते तिला माहीत होतं. त्यात आपलं काही जातंय का, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दोन दिवसांनी लालासाहेब कुशीवर वळून झोपले. सहा महिन्यांत ते आपणहून कुशीवर वळले नव्हते. राहीबाई खाटेपाशी जमिनीवर बसून त्यांचा श्वास ऐकत होती. बरं वाटायला पाहिजे, असं तिला वाटलं. तिनं उरलेली भाकरी चटणीशी खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं.

पुढच्या गुरुवारी क्षमाबाईंनी तिला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत नेलं. लांब टेबलाभोवती तीच माणसं बसली होती. मधे कागदांचे गठ्ठे होते. तिला खुर्ची दिली. खुर्चीच्या कडेवर ती बसली.

“ऑपरेशन चांगलं झालंय,” आठल्ये म्हणाले. “परवा घरी न्या. गोळी रोज एक, ती सोडायची नाही. गोळीनं छाती थोडी भरेल, हुळहुळेल, घाबरायचं नाही. दर महिन्याला येऊन गोळ्या न्यायच्या. त्यांना प्रवास झेपला नाही तर तुम्ही या. दुखणं कसं आहे ते सांगा.”

“बरं.”

विनोदिनीबाईंनी आपला कागद इंग्रजीत वाचायला घेतला. काढलेला भाग त्यांच्याकडं तपासायला गेला होता. आठल्ये मान हलवत होते, ती हलवायची थांबली. त्यांनी काहीतरी विचारलं. विनोदिनीबाईंनी तेच पुन्हा वाचलं. दप्तरदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. क्षमाबाईंनी गठ्ठ्यातला एक जुना कागद शोधून पुढं सरकवला. राहीबाईला त्यातलं निकम हे आपलं आडनाव एवढंच कळलं. ते दोनदा आलं. मग कुणीच काही वाचेना, आणि सगळे एकदा तिच्याकडं बघून आपापल्या कागदांकडं बघू लागले.

“हे सांगायची गरज आहे का?” आठल्ये म्हणाले. ते मराठीत बोलून गेले होते. “उपचारात काही फरक पडत नाही. साठीला आलेली माणसं.”

“त्यांच्या उपचारात नाही पडत,” विनोदिनीबाई म्हणाल्या.

“आणि सांगायचंच तर आधी हवालदारांना सांगायला हवं,” आठल्ये म्हणाले.

सिस्टर सुशीला या टेबलाशी फारशी बोलत नसे. ती म्हणाली, “सर, मी पंधरा दिवस त्या खाटेपाशी असते. गावाकडचा जो येतो, तो यांच्यासमोर म्हणतो, पोटी काही नाही, बाईच्या नशिबात नाही. या तिथंच उभ्या असतात. आणि ते खाटेवरून सगळं ऐकत असतात. कधी काही म्हणाले नाहीत.”

आठल्यांनी विनोदिनीबाईंकडं बघून मान हलवली.

“बाई,” विनोदिनीबाईंनी विचारलं, “तुम्हाला मूलबाळ?”

“न्हाई.” हा शब्द तिच्या तोंडून आपोआप आला. तो तिनं उंबऱ्यावर, पाणवठ्यावर, देवळात, सगळीकडं उच्चारलेला होता.

“त्यांना तरुणपणी गालगुंड झाली होती. बेळगावला, पलटणीत नवीन भरती झाले तेव्हा. त्यांनीच सांगितलं आणि क्षमाबाईंनी लिहून घेतलं. मोठ्या वयात गालगुंड आली की कधी कधी खालीही सूज येते. त्यांना आली होती. तीन आठवडे ते पलटणीच्या दवाखान्यात होते.” त्या थांबल्या. “आम्ही जो भाग काढला, तो आत दोन्हीकडं सुकून गेलेला आहे. आत्ताचं नाही ते. जुना दोष आहे.”

“मंजी?”

“म्हणजे त्यांच्यापासून मूल होणं शक्य नव्हतं. तुम्ही लग्न होऊन आलात त्याच्याही आधीपासून. आम्ही शंभर टक्के असं कधी म्हणत नाही. पण मी जे पाहिलं, त्यावरून दुसरं काही म्हणता येत नाही. तुमच्यात दोष असल्यामुळं मूल झालं नाही, असं नव्हतं.”

वर पंखा फिरत होता. राहीबाईनं टेबलावर बघितलं. तिथं कपाचा एक गोल डाग होता, अर्धा पुसलेला. आता काहीतरी होईल म्हणून ती थांबली. रडू येईल, नाहीतर राग येईल. टेबलाभोवतीच्या माणसांची तोंडं तशीच होती, तीही त्यासाठीच थांबली होती. काही आलं नाही. हाताला मुंग्या आल्या तर चिमटा काढूनही कळत नाही, तसं झालं.

मग तिनं विचारलं, “तर मग चंद्राचाबी दोष नव्हता?”

क्षमाबाईंनी कागद चाळला. “चंद्रा कोण?”

“धाकली. माज्यावर आनलेली.”

कागदावर पत्नी एक असं लिहिलं होतं. लालासाहेबांनी तसंच सांगितलं होतं. चंद्राबाईला त्यांनी आणलं तेव्हा राहीबाईच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि चंद्रा अठराची होती. ताकारीकडची, बारीक अंगाची, कामाला झपाट्याची. ती राहीबाईला आक्का म्हणायची. सहा वर्षं ती त्या घरात होती. उपास झाले, अंगारे झाले, जेजुरी झाली. मग एका सकाळी सासूनं तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलं, आणि लालासाहेबांनी तिला बैलगाडीतून मसूर स्टेशनवर नेऊन सोडलं. त्या सकाळी राहीबाई चुलीपाशीच बसून राहिली. आपल्याला ठेवलं, हिला घालवलं, म्हणजे दोघींत आपण थोड्या बऱ्या, असं तिला तेव्हा वाटलं होतं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“नाही,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “त्यांचाही नव्हता.”

“बरं.” राहीबाई उठली. “जाऊ का मी? त्यांची पेज निवती तिकडं.”

वॉर्डात लालासाहेबांनी विचारलं, “काय म्हनलं?”

“गोळ्या रोज घ्या म्हनलं.”

शनिवारी ते मिरजेहून पॅसेंजरनं निघाले. लालासाहेब खिडकीशी बसले. पाठीशी तिनं घोंगडं दुमडून ठेवलं होतं. डब्यात गर्दी नव्हती. समोरच्या बाकावर एक म्हातारा केळीचा घड मांडीवर धरून झोपला होता. बाहेर ऊस पुरुषभर झाला होता. दुष्काळाच्या दोन वर्षांत याच रुळांच्या बाजूला नुसती ढेकळं दिसायची.

भिलवडी गेल्यावर ती म्हणाली, “आवं.”

“काय?”

“बेळगावात तुमाला गालगुंड आली हुती तवा डाक्टर काय म्हनला हुता?”

लालासाहेब बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. चाकांचा आवाज पुलावर बदलला, पूल संपल्यावर पुन्हा होता तसा झाला.

“गोरा हुता त्यो डाक्टर,” ते म्हणाले. “त्याची भाषा कुनाला कळत हुती तवा.”

किर्लोस्करवाडी आली. माणसं चढली, उतरली. गाडी हलल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं,

“कुनी सांगितलं तुला?”

राहीबाईनं घोंगडं त्यांच्या पाठीशी सरळ केलं. काय सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. ताकारीला गाडी पाच मिनिटं थांबली. ते डोळे मिटून बसले.

मसूरला पुतण्या कृष्णात बैलगाडी घेऊन आला होता. चुलता आपल्या पायानं फलाटावरून चालत आलेला बघून त्याला आश्चर्य वाटलं. घरी भावकी जमली. हवालदारानं क्यान्सरला हरवलं, असं त्यांतले नानासो म्हणाले. काय कापून काढलं ते कुणाला सांगितलं नव्हतं. राहीबाईनं चहा केला. पाटावर बसलेली जाऊ म्हणाली, “बाई, केलंस गं समदं. पोटचा असता तर त्यानं केलं असतं.” राहीबाईनं कप गोळा केले.

महिना तसाच गेला. ती धार काढायची, भाकऱ्या थापायची, सकाळी गोळी आणि पाणी पुढं ठेवायची. लालासाहेब मळ्यापर्यंत जाऊन यायला लागले. गोळ्यांनी छाती भरली तशी त्यांनी उघड्या अंगानं ओट्यावर बसायचं सोडलं. आंघोळीला ते आता न्हाणीचं दार ओढून घ्यायचे. पाठीला तेल लावून घ्यायला मात्र ते पूर्वीसारखे तिच्यासमोर बसायचे, आणि ती लावायची. पाठ तीच होती. कधी तेल लावता लावता तिचा हात थांबायचा. मग ते म्हणायचे, “काय गं?” ती म्हणायची, “काय न्हाई.”

एकदा ते तसेच पाठ करून बसलेले असताना म्हणाले, “आई हुती तवा. आईला कसं सांगायचं हुतं?”

“आन मला?”

त्यांनी उठून सदरा घातला आणि ते मळ्याकडं गेले.

गोळ्या संपल्या तेव्हा ती एकटीच मिरजेला गेली. लांब टेबलाच्या खोलीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की झोप लागते, भूक लागते, लघवी साफ होते, उजव्या मांडीत थोडं दुखतं. प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहून घेतलं. दप्तरदार म्हणाले, मांडीचा फोटो काढावा लागेल, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. आठल्यांनी गोळ्यांचा कागद लिहिला आणि विचारलं, “तुम्ही कशा आहात?”

“मी हाय की.”

विनोदिनीबाईंनी तिच्याकडं बघितलं.

परतीच्या गाडीत ती दाराजवळ बसली. ताकारी आली तेव्हा ती उठली आणि उतरली. असं करायचं तिनं ठरवलं नव्हतं. तिकीट मसूरचं होतं. गाडी पुढं निघून गेल्यावर ती फलाटावर उभी राहिली, मग एका हमालाला तिनं चंद्राच्या माहेरच्या गावाची वाट विचारली. कोसभर चालायचं होतं.

चंद्राबाई घरासमोरच्या अंगणात भुईमुगाचे वेल पुढ्यात घेऊन शेंगा तोडत होती. केस अर्धे पांढरे झाले होते. हात तसेच चालत होते, झपाट्यानं. तिनं वर बघितलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“आक्का,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “गेलं का ते?”

“न्हाई. हायत. मिरजंला आपरेशन केलं. बरं हायत.”

“बसा.”

राहीबाई तिच्यासमोर मातीतच बसली. चंद्राबाईनं आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. दोघी काही वेळ शेंगा तोडत राहिल्या. घरात कुणीतरी भांडी घासत होतं. गोठ्यात चंद्राबाईचा भाऊ कोंडीबा म्हशीला दावं बांधत होता. त्यानं एकदा वाकून बघितलं, पण पाहुणी कोण ते त्याला कळलं नाही.

“तू गेलीस त्या दिवशी मी भायेर आले न्हाई,” राहीबाई म्हणाली.

“ठावं हाय. मी गाडीतनं बगत हुते.”

राहीबाईनं हातातला वेल खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. बेळगावची गालगुंड सांगितली, भिंगाखाली काय दिसलं ते सांगितलं, टेबलाभोवती कोण कोण बसलं होतं तेही सांगितलं. विनोदिनीबाईंचे शब्द तिला सगळे पाठ होते. सांगताना तिच्या आवाजात काही नव्हतं, बाजारात काय मिळालं ते सांगावं तशी ती सांगत होती. तुझ्यात दोष नव्हता, माझ्यातबी नव्हता, असं म्हणून ती थांबली.

चंद्राबाईचे हात चालतच होते. वेलाला शेंगा उरल्या नव्हत्या तरी ती त्याच वेलात बोटं फिरवत होती.

“त्यास्नी ठावं हुतं?”

“व्हय.”

“पयल्यापासनं?”

“मला आनायच्या आधीपासनं.”

चंद्राबाईनं वेल बाजूला टाकला. पदरानं तळहात पुसले, एक एक करून. या घरात ती अठरा वर्षं होती. भावाच्या पोरांच्या बारशाला ती आतल्या खोलीत बसून राहायची. सुवासिनींची ओटी भरताना तिला कामाला लावून मळ्यात पाठवायचे. उसाच्या लावणीच्या पहिल्या दिवशी पहिली कांडी लावायला तिला कधी हाक मारली नव्हती. यातलं ती काही बोलली नाही. राहीबाईला सांगायची गरजही नव्हती.

“कागद दिलाय का डाक्टरांनी?” तिनं विचारलं.

“न्हाई. तोंडानं सांगितलं.”

“मग तुमालाच सांगावं लागंल.”

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि दाराकडं तोंड करून तिनं हाक मारली. आवाज मोठा नव्हता.

“बनुवैनी, भांडी राहू द्या. जरा भायेर या.” मग गोठ्याकडं वळून, “दादा, तूबी ये.”

बनुबाई ओले हात झाडत दारात आली. कोंडीबा दावं हातात घेऊनच आला. शेजारच्या अंगणात बसलेली म्हातारी काय झालं म्हणून बघू लागली. चंद्राबाईनं तिलाही हातानं ये म्हणून खूण केली. सगळी उभी राहिली तेव्हा ती राहीबाईच्या शेजारी येऊन बसली, तिच्या दंडाला दंड लावून.

“आता सांगा, आक्का,” ती म्हणाली. “मला सांगितलं तसंच. पयल्यापासनं.”

राहीबाईनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. तांब्यातलं उरलेलं पाणी ती प्याली. तांब्या खाली ठेवून तिनं पदर सारखा केला.

“मिरजंला एक डाक्टरीन बाई हायत,” तिनं सुरुवात केली.